आत काय आहे?

प्रस्तावना

फोंड्याच्या पोस्टात परदेशी पार्सल घेऊन गेले की खिडकीपलीकडून पहिला प्रश्न येतो, "हातूंत कितें आसा?" आत काय आहे? वर्षानुवर्षे आम्ही या प्रश्नाला एकच उत्तर देत आलो : घरचे सामान. तेवढ्याने भागत असे. खोक्याला मांजरपाटाचे कापड शिवलेले, शिवणीवर लाखेचे ठिपके, वर ठसठशीत अक्षरांत पत्ता. एवढी तयारी झाली की पार्सल निघाले.

२०२२ साली चतुर्थीला महिना असताना जर्मनीत शिकणाऱ्या भाचीसाठी मी असाच एक खोका पाठवला. आत सोलांचे, म्हणजे आमसुलांचे, पाकीट, घरच्या हळदीची पूड, आरत्यांचे पुस्तक आणि तिच्या आजीची एक सुती साडी. कागदावर लिहिले, ‘घरगुती वस्तू, भेट’. सात आठवड्यांनी तो खोका माझ्याच दारात परत आला. चतुर्थी केव्हाच होऊन गेली होती. टेबलावर ठेवून मी तो चारी बाजूंनी निरखला. शिवणीचा एक टाका उसवलेला नव्हता, लाख जशीच्या तशी होती. वर एक चिठ्ठी चिकटवलेली : वर्णन अपुरे. म्हणजे वाटेत तो कुणी उघडलाही नव्हता. हळदीत खोट नव्हती, साडीत नव्हती. माझ्याकडून जे लिहायचे राहिले होते, त्यापायी तो परत आला होता.

या पुस्तकाचा सारा विषय त्या चिठ्ठीत आहे. पूर्वी माल सरहद्दीवर पोचायचा, तिथला अधिकारी तो उघडून बघायचा, वाटले तर चार प्रश्न विचारायचा आणि कर लावायचा किंवा सोडून द्यायचा. आता माल विमानात चढण्याआधी त्याची माहिती चढते. माहिती पटली तरच माल निघतो. युरोपच्या जकातीचा नाका हॅम्बर्ग किंवा लिस्बनच्या बंदरातून उठून फोंड्याच्या पोस्टाच्या खिडकीवर आला आहे, आणि तिथे विचारला जाणारा तो साधा प्रश्न आता कायद्याचा प्रश्न झाला आहे. त्याचे उत्तर देणारा माणूस मात्र तोच आहे : घरी मसाले करणारी बाई, सावंतवाडीचा चितारी, मुलाला फराळ पाठवणारी आई.

गोव्याच्या माणसाला जकात नवी नाही. आमच्या मुख्य नदीचे नाव मांडवी, आणि जुन्या मराठीत मांडवी म्हणजे जकातीचे ठाणे. पोर्तुगीज त्याला अल्फांदेगा म्हणत. तो शब्द त्यांनी अरबीतल्या फुंदुकवरून, म्हणजे व्यापाऱ्यांच्या उतारशाळेवरून घेतला. आपला जकात हा शब्दही अरबीतूनच आलेला. समुद्रावरून व्यापार आला, तो जिथे थांबला तिथे त्याच्याबरोबरचे शब्दही राहिले.

दूरच्या राजधानीत ठरलेला जकातीचा नियम घरच्या चुलीपर्यंत कसा पोचतो, याचा एक मोठा धडा गोव्याच्या इतिहासात आहे आणि या पुस्तकाच्या वाचकाने तो आधी वाचावा असे मला वाटते. फोंडा महाल पोर्तुगिजांकडे गेला तो १७६३ साली. पुढच्या पंचवीस वर्षांत डिचोली, सत्तरी आणि पेडणे हेही त्यांच्या ताब्यात गेले आणि या नव्या काबिजादींची, म्हणजे नव्याने जिंकलेल्या मुलखाची, सरहद्द थेट घाटाला आणि तेरेखोलला भिडली. पुढे तिच्या पलीकडे ब्रिटिश हिंदुस्थान आला. या सरहद्दीवर दोन्ही बाजूंना जकात होती. २६ डिसेंबर १८७८ रोजी ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात लिस्बनला तह झाला. पोर्तुगालतर्फे आंद्राद कोर्वू आणि ब्रिटनतर्फे रॉबर्ट मोरियर यांनी तो ठरवला. १८८० च्या जानेवारीत तो अमलात आला. दोन्ही मुलखांमधली जकातीची रेघ पुसली गेली आणि आयातीचे दर एक झाले. मुरगावचे बंदर आणि घाटावर चढणारी रेल्वे बांधण्याचा मार्ग मोकळा झाला. कागदावर हा तह व्यापाराला वरदान होता.

पण त्याची किंमत होती. गोव्यातले मीठ कुणी किती पिकवायचे आणि कसे विकायचे, हा अधिकार ब्रिटिशांच्या हाती गेला. त्याच्या बदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये मिळू लागले. माडाच्या सुरेवर आणि दारूच्या भट्टीवर ब्रिटिश पद्धतीची अबकारी आली. करार झाला सरकारासरकारांत, चार लाख गेले सरकारी तिजोरीत, आणि झळ लागली ती खाजनाच्या कडेला मीठ पिकवणाऱ्याला आणि रोज माडावर चढणाऱ्या रेंदेराला. त्यांना ना तहाची भाषा येत होती, ना त्याची कलमे कुणी त्यांना समजावली होती. बारा वर्षांची मुदत संपल्यावर १८९२ च्या जानेवारीत तो तह संपला. रेघ पुन्हा उमटली, आणि नुकत्याच धावू लागलेल्या रेल्वेच्या प्रवाशांचे सामान सरहद्दीवर पुन्हा तपासले जाऊ लागले. बारा वर्षांत नियम आला आणि गेला. ज्यांची मिठागरे मोडली त्यांचे मोडणे मात्र परत गेले नाही.

हा इतिहास मी तक्रार म्हणून सांगत नाही. जकातीचा नियम मोठ्यांना डोळ्यापुढे ठेवून लिहिला जातो आणि त्याचा भार सगळ्यात छोट्याच्या डोक्यावर येऊन थांबतो, ही चाल त्यात स्वच्छ दिसते. आज युरोपात जे चालले आहे, तेही असेच आहे.

युरोपीय संघाने हे नियम आपल्याकडे बघून केलेले नाहीत. २०२४ साली दीडशे युरोपेक्षा कमी किमतीची सुमारे ४६० कोटी पार्सले तिथे पोचली, म्हणजे दिवसाला १ कोटी २० लाख. त्यांतली ९१ टक्के एकट्या चीनमधून आली होती. एक-दोन वर्षांत आकडा दुपटीवर गेला. खोकी उघडून बघणे कुणाच्याही आवाक्यात राहिले नाही. किंमत मुद्दाम कमी लिहिलेला माल, लहान मुलांना धोका होईल अशी खेळणी, कर न भरता स्वस्त पडणाऱ्या वस्तू यांनी तिथला दुकानदार हवालदिल झाला. त्याच्या बाजूने पाहिले तर नियम कडक करण्याची मागणी रास्त आहे. आपल्या दुकानदारालाही असेच वाटले असते.

म्हणून एकामागून एक दारे लावली गेली. आधी २२ युरोपर्यंतच्या मालावर तिथला व्हॅट, म्हणजे मूल्यवर्धित कर, लागत नसे. १ जुलै २०२१ पासून ती सूट गेली आणि विकत पाठवलेल्या अगदी एका युरोच्या वस्तूवरही कर आला. त्याच वर्षी मार्चमध्ये मालाची आगाऊ माहिती घेणारी नवी व्यवस्था टपाल आणि कुरिअरसाठी सुरू झाली. १ मार्च २०२३ पासून ती सगळ्या हवाई मालाला लागू झाली आणि जून २०२४ पासून जहाजांना. १३ डिसेंबर २०२४ पासून वस्तूंच्या सुरक्षिततेचा नवा कायदा आला. दीडशे युरोपर्यंतच्या मालाला आयातशुल्क माफ होते, तीही सूट काढून टाकायचे संघाच्या अर्थमंत्र्यांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये ठरवले. कायमची व्यवस्था उभी राहीपर्यंत १ जुलै २०२६ पासून छोट्या पार्सलांतल्या मालावर वस्तूच्या प्रत्येक जातीमागे ३ युरो शुल्क घ्यायचे, हा निर्णय पुढच्याच महिन्यात झाला. पाच वर्षांत पाच पायऱ्या. अमेरिकेनेही २९ ऑगस्ट २०२५ पासून आठशे डॉलरपर्यंतची सूट बंद केली. त्या गोंधळात आपल्या टपाल खात्याला तिकडची बहुतेक पार्सले काही आठवडे थांबवावी लागली आणि १५ ऑक्टोबरला सेवा पुन्हा सुरू झाली. वारे सगळीकडे एकाच दिशेचे आहे.

या साऱ्या नियमांच्या गर्दीत शिरल्यावर मला एक गोष्ट उमगली आणि तिच्यामुळे माझी भीती गेली. नियम पुष्कळ असले तरी ते प्रश्न चारच विचारतात : काय आहे? किती किमतीचे? जबाबदार कोण? आणि कुठले? मांडवीवरचा जुना अधिकारीही हेच विचारत असणार. फरक एवढाच की तेव्हा माणूस मालाशेजारी उभा राहून उत्तर देऊ शकत होता. आज खोक्याला एकट्यानेच उत्तर द्यायचे आहे, आणि ते उत्तर आपण घरात बसून आधीच लिहून ठेवायचे आहे.

पहिला प्रश्न, काय आहे? जगभरच्या जकातीत प्रत्येक वस्तूला सहा आकड्यांचा संकेतांक असतो. ब्रुसेल्समधल्या जागतिक सीमाशुल्क संघटनेने केलेली ही यादी १९८८ पासून चालू आहे आणि तिच्यात पाच हजारांहून अधिक गट आहेत. पहिल्यांदा ती पाहिली तेव्हा मला ती कोरडी वाटली. मग सावईवेऱ्याच्या कुळागरातला जायफळाचे एक तडकलेले फळ हातात घेऊन ती पुन्हा उघडली. पिवळसर फळाची साल दुभंगलेली, आत काळसर तुकतुकीत बी, आणि बीभोवती तांबडीलाल जायपत्री जाळीसारखी लपेटलेली. झाडावर हे एकच फळ. यादीत मात्र अख्खे जायफळ ०९०८११, त्याची पूड ०९०८१२ आणि जायपत्री ०९०८२१. हरमलची मिरची वाळवून अख्खी पाठवली तर ०९०४२१, कांडून पाठवली तर ०९०४२२. उखळात घातली की मिरचीचे नाव बदलते.

हे नुसते आकडे राहत नाहीत, त्यांतून पैसे ठरतात. ३ युरोचे नवे शुल्क पार्सलामागे नाही, आतल्या वेगवेगळ्या जातीच्या वस्तूंमागे आहे. संघाने स्वतःच दिलेले उदाहरण असे : एका पार्सलात रेशमी ब्लाउज एक आणि लोकरीचे दोन असतील, तर नग तीन असूनही जाती दोन, म्हणून शुल्क ६ युरो. याच रीतीने मोजले तर एका डब्यात जायफळ आणि जायपत्री एकत्र पाठवणाऱ्याने दुप्पट हिशेब धरायला हवा. एकाच फळाचे दोन भाग म्हणून कुणी सवलत देणार नाही. आणि ‘घरगुती वस्तू’, ‘भेट’, ‘नमुना’, ‘इतर’ हे शब्द तर आगाऊ माहिती घेणारी यंत्रणा वर्णन म्हणून मानतच नाही. ‘हळद, दळलेली, २०० ग्रॅम’ असे लिहावे लागते. माझ्या खोक्याचे चुकले ते इथे.

दुसरा प्रश्न किमतीचा. इथे आपल्याकडे एक जुनी सवय आहे. पार्सल घेणाऱ्याला त्रास नको म्हणून किंमत कमी लिहायची. त्यामागे प्रेम असते हे मी जाणतो, तरी ही सवय आता सोडावी लागेल. एक हिशेब बघा. समजा, कुणबी हातमागाची साडी लिस्बनच्या एका बाईने ४० युरोला विकत घेतली आणि पाठवणीला २० युरो पडले. पोर्तुगालचा व्हॅट २३ टक्के. तो ४० वर लागत नाही, पाठवणीसह ६० वर लागतो. म्हणजे १३ युरो ८० सेंट, आणि तिथल्या टपाल खात्याचे किंवा कुरिअरचे हाताळणी शुल्क वेगळे. हे पैसे दारात मागितले गेले की गिऱ्हाईक चकित होते आणि पुष्कळदा पार्सल नाकारते. साडी परत, पाठवणी वाया, गिऱ्हाईक कायमचे गेले. जर्मनीत हाच दर १९ टक्के आहे, हंगेरीत २७. देश बदलला की आकडा बदलतो.

यावर संघाने एक सोय केली आहे. दीडशे युरोपर्यंतच्या मालाचा कर विकणाऱ्याने विक्रीच्या वेळीच घ्यायचा आणि महिन्याला एकाच ठिकाणी भरायचा. तिला ते ‘एकच खिडकी’ म्हणतात, आणि ती चांगली चालते. पण भारतातल्या छोट्या विक्रेत्याला त्या खिडकीपाशी स्वतः उभे राहता येत नाही. युरोपात कार्यालय असलेला मध्यस्थ नेमावा लागतो आणि तो फुकट काम करत नाही. महिन्याला दहा हजार पार्सले पाठवणाऱ्याला तो खर्च जाणवत नाही. महिन्याला दहा पाठवणाऱ्या फोंड्याच्या बाईचा मात्र सारा नफा त्यात जातो. मिठागराची गोष्ट मला इथे पुन्हा आठवते.

विक्री नसलेल्या खऱ्या भेटीला वेगळा नियम आहे. एका माणसाने दुसऱ्याला, काही न घेता, अधूनमधून पाठवलेली ४५ युरोपर्यंतची भेट करमुक्त असते. ब्रिटन आता संघात नाही. तिथे भेटीवरची व्हॅटची ही मर्यादा ३९ पौंड आहे. फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण पोर्तुगीज नागरिकत्वाच्या आधारे युरोपात गेलेली आपली कितीतरी गोंयकार कुटुंबे ब्रिटनमध्ये, विशेषतः स्विंडनमध्ये, स्थिरावली. एका भावाचे घर लिस्बनला आणि दुसऱ्याचे स्विंडनला असेल, तर २०२१ पासून आईने भरलेल्या दोन सारख्या डब्यांना दोन वेगळे कायदे लागतात.

तिसरा प्रश्न जबाबदारीचा, आणि माझ्या मते हाच आपल्या कारागिरांना सगळ्यात जड जाणार आहे. डिसेंबर २०२४ च्या कायद्याप्रमाणे खाण्याव्यतिरिक्तच्या बहुतेक वस्तू युरोपातल्या ग्राहकाला विकायच्या तर त्यांच्यासाठी युरोपात राहणारी एक जबाबदार व्यक्ती किंवा संस्था असावी लागते. वस्तूमुळे कुणाला इजा झाली तर सरकारला जाब विचारता येईल असा कुणीतरी हवा. विचार योग्य आहे. पण पेडण्याला लागून असलेल्या सावंतवाडीच्या चितारआळीत जाऊन बघा. लाकूड कातून, त्यावर रंग चढवून केलेली फळे, भाज्या, छोटी भातुकली. रंगवणाऱ्याच्या बोटांना दिवसभराचा रंग लागलेला. दोनशे वर्षांहून जुनी ही कला संस्थानच्या राजघराण्याच्या आश्रयाने वाढली. युरोपात हे लाकडी केळे खेळणे म्हणून विकायचे तर त्याला सुरक्षा चाचणी हवी, सीई ही खूण हवी, वर कागदपत्रे हवीत. ‘शोभेची वस्तू’ असे लिहून सुटता येईल असे वाटते, पण लहान मूल तिच्याशी खेळेल हे उघड दिसत असेल तर कायदा तिला खेळणेच मानतो. हा कायदा आला तेव्हा जगभरच्या अनेक छोट्या विक्रेत्यांनी युरोपला माल पाठवणेच थांबवले. हात रंगलेले असताना एवढे कागद कुणी करायचे?

या प्रश्नाचे उत्तर एकट्या कारागिराकडे नाही, आणि ते त्याच्याकडून मागूही नये. युरोपातला एक प्रतिनिधी, एक मध्यस्थ, एक चाचणी हे सारे पन्नास कारागिरांनी मिळून करायचे काम आहे. आपल्याकडे दूध सहकाराने गोळा होते, आंबा सहकाराने विकला जातो, मग परदेशी पार्सलाचा कागद सहकाराने का भरू नये? पुस्तकातले जे प्रकरण मला सर्वांत मोलाचे वाटले ते हेच मांडते.

चौथा प्रश्न, कुठले? हा प्रश्न सोपा वाटतो आणि तिथेच माणूस फसतो. काजूचे झाड पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणले आणि चार-पाच शतकांत ते डोंगरउतारावर इतके रुजले की गोवा आणि काजू वेगळे करता येत नाहीत. पण आपल्या कारखान्यांत फोडला जाणारा बराचसा कच्चा काजू आज आफ्रिकेतून येतो. तो इथे भाजला, सोलला, पाकिटात भरला की गोव्याचा होतो का? २०२३ साली गोवा काजूला भौगोलिक निर्देशांक मिळाला तो हा गोंधळ मिटवण्यासाठीच. युरोपशी मुक्त व्यापाराच्या वाटाघाटी पूर्ण झाल्याचे २७ जानेवारी २०२६ रोजी जाहीर झाले. तो करार मंजूर होऊन अमलात येईल तेव्हा सवलतीचा दर हवा असेल तर माल खरोखर भारतातला आहे हे सिद्ध करावे लागेल. तेव्हा बीचे मूळ सांगणारी पावती काजूइतकीच मोलाची होईल.

कुठले या प्रश्नातच माल निरोगी आहे का हा प्रश्नही दडलेला असतो. १ मे २०१४ पासून युरोपने आपला आंबा आणि चार भाज्या घेणे बंद केले, कारण खोक्यांत फळमाशी सापडली होती. ऐन हंगामात रत्नागिरी-देवगडच्या बागायतदारांवर ते संकट कोसळले. तपासणीची व्यवस्था सुधारल्यावर २०१५ च्या सुरुवातीला आंब्यावरची बंदी उठली. त्याआधी २०१० साली नाशिकची द्राक्षे एका संजीवकाच्या अंशामुळे युरोपात अडकली होती. दोन्ही वेळा शिकलेला धडा एकच : मालाबरोबर त्याचा इतिहास लिहून गेला पाहिजे. बाग कुठली, फवारणी कधीची, पॅकिंग कुठे. आज महाराष्ट्राचा द्राक्ष बागायतदार आपल्या प्लॉटची नोंद करून निर्यात करतो. घरगुती पार्सलालाही हाच न्याय आहे. दूध आणि मांस यांचे पदार्थ बाहेरून युरोपात खासगी पार्सलातून नेता येत नाहीत. म्हणून तुपाची बाटली आणि घरचा चोरीस इथेच ठेवावा लागतो. ताज्या फळांना आणि भाज्यांना वनस्पती आरोग्याचा दाखला लागतो. त्यातून सूट फक्त पाच फळांना : अननस, नारळ, डुरियन, केळे आणि खजूर. नारळ आणि केळे त्या यादीत पाहून मला बरे वाटले. आपल्या परसातली दोन नावे तिथे कुणीतरी ओळखीची ठेवली आहेत.

जहाजांविषयी इथे थोडक्यात सांगतो, कारण त्यावर पुस्तकात स्वतंत्र विवेचन आहे. २०२४ पासून युरोपच्या बंदरात जाणाऱ्या मोठ्या जहाजांना त्यांच्या धुराची किंमत मोजावी लागते. पहिल्या वर्षीच्या उत्सर्जनाच्या ४० टक्क्यांवर, पुढच्या वर्षी ७० आणि २०२६ पासून पूर्ण शंभर टक्क्यांवर. बाहेरून येणाऱ्या फेरीचे निम्मे उत्सर्जन त्यात धरतात. तो खर्च शेवटी कंटेनरच्या भाड्यात येतो. १ जानेवारी २०२६ पासून पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम अशा मालावर त्याच्या कार्बनचा करही लागू झाला. गोळ्या केलेले लोहखनिजही त्याच्या यादीत आहे. ज्या डिचोली-सत्तरीने मुरगावच्या बंदरातून पिढ्यान् पिढ्या खनिज जाताना पाहिले, तिथल्या माणसाला यापुढे मालाच्या वजनाबरोबर त्याच्या धुराचेही माप माहीत असावे लागेल.

मग करायचे काय? वाट बिकट असली तरी बंद नाही. आपल्या टपाल खात्याने २०२२ पासून डाकघर निर्यात केंद्रे सुरू केली आहेत. तिथे छोट्या निर्यातदाराचे कागद संगणकावर भरून घेतात. आयात-निर्यात क्रमांक घरबसल्या काढता येतो. या सोयी जिथे पोचल्या नाहीत तिथे त्या मागायला हव्यात, आणि मागणी करणाऱ्याला नेमके काय मागायचे हे कळायला हवे. आपल्या सरकारने युरोपशी बोलताना महिन्याला दहा पार्सले पाठवणाऱ्याचाही विचार मांडावा, ही अपेक्षा ठेवण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. १८७८ मध्ये रेंदेराच्या वतीने बोलायला त्या खोलीत कुणी नव्हते. आज बोलायला माणसे आहेत, पण त्यांना आपण सांगितले पाहिजे.

हे पुस्तक मराठीत आहे याचे मला फार मोल वाटते. नियम इंग्रजीत येतो, दलाल तो अर्धा सांगतो, आणि उरलेला अर्धा पार्सल परत आल्यावर कळतो. आपल्या भाषेत सबंध नियम वाचायला मिळाला तर जायपत्री वाळवणारी बाई स्वतःच ठरवू शकते की ती जायफळाबरोबर पाठवायची की वेगळी. तिला कुणाच्या भरवशावर राहावे लागत नाही. नियम समजणे ही शेवटी भाषेची गोष्ट आहे. जो आपल्या वस्तूचे नेमके नाव सांगू शकतो, त्याची वस्तू वाट काढते.

परत आलेला तोच खोका घेऊन २०२३ च्या चतुर्थीआधी मी पुन्हा पोस्टात गेलो. खिडकीपलीकडून तोच प्रश्न आला. या वेळी मी कागद पुढे केला. सोलां, सुकी, २५० ग्रॅम. हळद, दळलेली, २०० ग्रॅम. आरत्यांचे छापील पुस्तक, एक. सुती साडी, वापरलेली, एक. प्रत्येकापुढे संकेतांक आणि खरी किंमत, खाली बेरीज. खिडकीतल्या बाईंनी तो वाचला, एकेक ओळ संगणकात भरली आणि पावती फाडून दिली. सोळाव्या दिवशी भाचीचा फोन आला. आजीची साडी नेसून ती आरती म्हणत होती.

फोंडा, गोवा